नाही म्हणायची मुभा

नुकुआलोफा,
४ फेब्रुवारी १९८८

ती. माकामामास,
फिफिताचा प्रभूमध्ये स. न. वि. वि.

तुझं पत्र दोन बोटी चुकवून तिसरीने आलं, म्हणजे तुझ्या मानाने लवकरच. बातमी अशी, की आपल्या मंडळीच्या मासिकाला, ‘पहाट’ला, पाळकसाहेबांनी होकार दिला. देवळामागची खोली, सायक्लोस्टाइल यंत्र, कागद, सगळं मिळेल. अट एकच. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुलांच्या सणाला, दोन वर्षं काम करू असं मंडळीसमोर उभं राहून सांगणारी सहा माणसं दाखवायची. मला त्यात धरायचं नाही. नाही जमलं तर खोली बँडवाल्यांना. त्यांचे कर्णे आत्तापासूनच दारात येऊन पडलेत.

मला हे का हवंय ते तुला ठाऊक आहे. आई होती तेव्हा बायकांच्या प्रार्थनासभेत देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभी राहिली की सगळ्या डोळे पुसायच्या, आणि त्यातला एक शब्दही आज कुठे लिहिलेला नाही. बेटाबेटांवरच्या म्हाताऱ्या अशाच एकेक करून चालल्यात. मला याचं फार वाईट वाटतं.

माणसांची काळजी नको. इथे नोकरीला असलेली तुझी पाचही मुलं मी एका दुपारी नोंदवली. एकाने ब्र काढला नाही. सहावा तू. आईबद्दल तू लिहायचंस. भाचीला मामाने नाही म्हणायची सोय आपल्याकडे नाही, हे मी सांगायला नको.

लोभ आहेच, बोटीवर उशिरा चढतो एवढंच.
तुझी भाची,
फिफिता

नोमुका,
२२ फेब्रुवारी

चि. फिफितास,
अ. उ. आ.

महाराणींचा हुकूम पोचला. गेल्या वर्षी याच हक्काने तू माझं सगळ्यात लठ्ठ डुक्कर नेलंस, त्याआधी नवी चटई, आता पोरं. तक्रार करत नाही, करताही येत नाही. घरात आता मी आणि तुझी मामी उरलोय. मामी म्हणते, तिला न्यायचं असेल तर निदान आदल्या दिवशी कळव.

माझं म्हणशील तर सध्या कोनफळं काढायची आहेत. मग होडीला गळती लागलीय. मग देवळात उपदेशाची पाळी माझी. तुझ्या आईबद्दलचं पुढे बघू.

लोभ ठेव, डुक्कर परत मागत नाही.
तुझा मामा,
माका

नुकुआलोफा,
१४ मार्च

ती. मामास,
स. न. वि. वि.

तुझी पोरं पहिल्या शनिवारी अंघोळी करून, कमरेला मानाच्या चटया बांधून, मयताला यावं तशी आली आणि माना खाली घालून बसली. विचारावं त्याला हो. विलीला विचारलं, यंत्रात शाई भरता येते का. हो म्हणाला आणि त्याने त्यात खोबरेल तेल ओतलं. दुसऱ्या शनिवारी दोघांना ताप आला. तिसऱ्या शनिवारी तिघं एका लांबच्या आजोबांच्या मयताला गेली. ते आजोबा मला दुपारी बाजारात टरबूज निवडताना भेटले. मी रागावले, तर पाचही जणं पुन्हा हो म्हणाली.

आत्याच्या कानावर हे गेलं. बाबांची थोरली बहीण ती, तिच्यापुढे माझी मान वर होत नाही. ती पोट धरधरून हसली.

सात आठवडे उरलेत. ही पाच जणं रविवारी देवासमोर वचन देतील आणि सोमवारी गायब होतील. त्याचं पाप माझ्या माथी. मामा, मला रडू येतं. आणि तुझी होडी अजून गळतेय का?

तुझी रुसलेली,
फिफिता

नोमुका,
२९ मार्च

चि. फिफितास,
अ. उ. आ.

आजोबा खडखडीत आहेत हे वाचून आनंद झाला.

चूक पोरांची नाही, तुझी आहे. तू त्यांच्या आत्याची लेक. तू सांगितलंस तर ती समुद्रात उडी मारतील, पण पोहतीलच असं नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला काय अर्थ? त्यांना मोकळं कर. आणि तुला दारातून हाकलू शकतील अशांकडे जा. पहिली तुझी आत्या. तिच्यापुढे चटईच्या कडेला अंग चोरून बसलीस की माझ्या पोरांचं दुखणं कळेल.

होडी गळतेय.

माया आहे तशीच आहे.
तुझा मामा,
माका

नुकुआलोफा,
२० एप्रिल

ती. मामास,
स. न. वि. वि.

पोरांना मोकळं केलं. चौघं अशी पळाली, की विलीची एक चप्पल इथेच राहिली. पाचवी, तुझी लेक लुसेआने, मात्र दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, आता मला यायचंय.

आत्याकडे तीनदा गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, मासिकाचा कागद मासळी गुंडाळायला बरा. दुसऱ्यांदा माझ्या अक्षराला नावं ठेवली. तिसऱ्यांदा माझ्या हातातला मजकूर ओढून घेतला आणि चुका काढत बसली. आता शनिवारी सगळ्यांच्या आधी खोलीत तीच असते आणि पाळकसाहेबांनाही चपला बाहेर काढायला लावते. तिच्याबरोबर चटया विणणाऱ्या दोघी आल्या. बँडमधला एक कर्णेवाला खोलीवरून भांडायला आला होता, तो टंकलेखनाला बसला. झाली पाच.

मामा, पहिल्या पत्रात मी तुला हक्काने मागितलं. ते मी परत घेते. भाऊ बहिणीबद्दल चारचौघांत बोलत नाही, हे मला माहीत होतं आणि मी ते धाब्यावर बसवलं. तुला नाही म्हणायची मुभा आहे. कारण देऊ नकोस, होडीला उगाच बदनाम करू नकोस. पाचच राहिले तर खोली जाईल, मला वाईट वाटेल, पण तुझ्यावर राग धरणार नाही.

तुझी भाची, आणि या पत्रापुरती नुसतीच
फिफिता

नोमुका,
२७ एप्रिल

चि. फिफितास,
अ. उ. आ.

नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भाचीला हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा लिहिला. इतकी मजा आली, की तीन दिवस जो भेटेल त्याला नाही म्हणत हिंडलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या मामीने पाणी भरून आणता का विचारलं, मी नाही म्हणालो, आणि तिने मला वाढलं नाही. उपाशी बसलो, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला.

मी मोठा होऊ लागलो तसं रिवाजाप्रमाणे मला मुलग्यांच्या झोपडीत झोपायला धाडलं. त्यानंतर तुझी आई आणि मी एका घरात कधी रात्र काढली नाही, की मोकळेपणी बोललो नाही. बायकांच्या सभेत मला जाता यायचं नाही. मी बाहेर खिडकीखाली जाळं विणत बसायचो. तिची साक्ष माझ्याइतकी कुणीच ऐकलेली नाही, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. मला तिची फार आठवण येते. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

भावाने बहिणीबद्दल बोलू नये, हे खरं. लिहू नये असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. ज्यांनी रिवाज घालून दिला त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून राहून गेलं असावं. सोबत अकरा पानं आहेत. शब्द तिचेच, ऐकले तसे. पानं आजच्या बोटीने पुढे धाडतो, माझ्याजवळ राहिली तर मी ती वाटेत समुद्रात टाकीन. मी शनिवारच्या बोटीने येतो आणि रविवारी उभा राहतो.

पानं आधी तू वाच, मग आत्याबाईंना दे. त्यांना सांग, चुका काढायच्या तर माझ्या काढा. तिच्या शब्दांना हात लावू नका.

तुझा मामा,
माका