एल्डनच्या वड्या

१२ सप्टेंबर १९९४

प्रिय बर्निस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल. वॉल्टरच्या छातीचं दुखणं कसं आहे? इकडे गव्हाची कापणी उरकली, बीट अजून जमिनीत आहे, आणि सकाळी गाडीच्या काचेवर दंव दिसायला लागलंय. तुमच्या ॲरिझोनात अजून भट्टीच पेटलेली असणार.

पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मोकळं बोलता येत नाही गं. मी स्वयंपाकघरातला फोन उचलला की एल्डन माडीवरचा उचलतो आणि श्वास रोखून ऐकत बसतो. मग मध्येच विचारतो, "बर्निस मावशी, तुझ्या घरात साप येतो का?" त्यामुळे आपलं बोलणं हवापाण्याच्या पुढे जातच नाही. परवा तू म्हणालीस, येऊ का चार दिवस? मी म्हटलं, नको, कशाला एवढ्या लांब. तू लगेच बरं म्हणालीस. असो. विमानाची तिकिटंही महाग झालीत म्हणे.

आता खरी बातमी. मी एल्डनला चॉकलेटच्या वड्या करायला शिकवतेय. हसू नकोस. आपल्या चर्चच्या तळघरात लग्न असो की माती, ज्या वड्यांचं ताट सगळ्यांच्या आधी रिकामं होतं ना, त्याच. खाली पीनट बटरमध्ये कालवलेले कुरमुरे, शेंगदाणे, अक्रोड आणि वर चॉकलेटचा थर. भट्टी लावावी लागत नाही, म्हणून त्या निवडल्या. शिवाय त्या त्याला जिवापाड आवडतात.

चव्वेचाळीस वर्षांच्या घोड्याला आता का शिकवतेस, असं विचारशील. त्याचं असं आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला ते पिवळं घर आहे, तिथे एल्डनसारखीच मनानं लहान राहिलेली चार माणसं राहतात. एक जण देखरेखीला येऊन जातो, बाकी त्यांचं ते बघतात. त्यातला एक परवा गेला, जागा रिकामी झाली. जिल्ह्याच्या कचेरीतून रोक्सान नावाची बाई येते. ती म्हणाली, एल्डननं माझ्यासमोर शेगडीवर एक तरी पदार्थ एकट्यानं करून दाखवला आणि शेगडी आठवणीनं बंद केली, तर जागा त्याची. नाहीतर मग ती मोठी सरकारी संस्था. गाडीनं जायला अख्खी सकाळ लागते, इतकी लांब. हॅरल्ड असताना आम्ही नवराबायको एकदा बघून आलो होतो. खाटांच्या रांगा आणि सगळीकडे फिनेलचा वास.

तर वड्या. साखर आणि मक्याची काकवी पातेल्यात घालायची, मंद आचेवर ढवळायची, आणि कडेला पहिला बुडबुडा आला की लगेच उतरवायची. सगळी गोम तिथेच. पाक जास्त उकळला की वड्यांचे धोंडे होतात. आणि आमच्या चिरंजिवांना जगात सगळ्यात प्रिय काय, तर बुडबुडे! पातेल्यावर वाकून म्हणतो, "थांब आई, अजून एक येतोय." त्याच्यामागून अजून एक येतो. मग माझं कपाळ. शेजारच्या डोलोरसनं भिडेखातर एक वडी तोंडात घातली, तर तिची कवळीच वडीत रुतून बाहेर आली. एल्डन पोट धरून हसला. डोलोरसही हसली बिचारी, तोंडावर हात ठेवून.

शेवटी मी एक युक्ती काढली. डाव्या हातात त्याचा लाल लोकरी हातमोजा चढवायचा. तो हात शेगडीच्या बटणावर, दुसरा डावावर. बुडबुडा दिसला की लाल हातानं बटण फिरवायचं. काल पहिल्यांदा जमलं. वड्या अशा मऊ झाल्या म्हणून सांगू! त्यानं स्वतः ताटाच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहिलं, बायका चर्चला ताट नेताना लावतात तशी. नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर, ई, उलटं काढलंय.

माझं म्हणशील तर बरी आहे. जरा वाळलेय. डोलोरस म्हणते, घागरा पिनेनं टाचून किती दिवस काढणार, नवा शिव. बघू. एल्डनची सोय करायची घाई आत्ताच का, हे मात्र विचारू नकोस. वय झालं, एवढंच समज.

तुझी,
आर्डिस


२० ऑक्टोबर

प्रिय बर्नी,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. परीक्षेचं काय झालं असं विचारलंयस. सांगते, पण क्रमानं सांगू दे, नाहीतर लिहिणं व्हायचं नाही.

रोक्सान दुपारी आली. माणूस वाईट नाही ती, कॅलिफोर्नियाची आहे, पायांत चपला आणि वर लोकरी मोजे. मला म्हणाली, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मी दाराशी खुर्ची घेऊन हात मांडीवर बांधून बसले. एल्डननं हॅरल्डचा टाय लावला होता आणि वर माझा फुलाफुलांचा एप्रन.

अगं, काय केलं त्यानं! साखर मोजली, काकवी ओतली, पातेल्याच्या कडा पुसल्या. हातमोजा घातला. बुडबुडा आला. मला इथून दिसत नव्हता, पण त्याचा चेहरा दिसत होता. त्याला अजून एक बघायचा होता. इतका बघायचा होता की ओठ थरथरले पोराचे. आणि त्यानं बटण फिरवलं. पीनट बटर घातलं, कुरमुरे-शेंगदाणे-अक्रोड कालवले, थापले, गरम पाण्यावर चॉकलेट वितळवून वर पसरलं, आणि दुसरी शेगडीसुद्धा बंद केली. रोक्सान म्हणाली, शाब्बास, पास. मी मनातल्या मनात हॅरल्डला हाक मारली.

वड्या निवल्या. एल्डननं कापल्या, ताट तिच्यापुढे धरलं. तिनं पहिल्याच खेपेला उचलली. एल्डन गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, कारण त्याचे दोन आग्रह करायचे राहिले होते. मला हसू आलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

मग तिनं वडी खात खात कागद काढले आणि विचारलं, "एल्डन, तुला त्या पिवळ्या घरात राहायला जायचंय?"

एल्डन म्हणाला, "नको नको. कशाला उगीच त्रास."

अगदी माझ्याच आवाजात, बर्नी. शनिवारी डोलोरस कॉफीला बोलावते तेव्हा मी म्हणते तसं.

रोक्सानची वडी हातातच राहिली. तिनं विचारलं, "नक्की?"

"नको, खरंच नको," एल्डन म्हणाला आणि हसऱ्या तोंडानं तिच्याकडे बघत उभा राहिला. आता ती तिसऱ्यांदा विचारणार, मग आपण म्हणायचं, बरं, एवढं म्हणताय तर. तुला-मला हे सगळं आईनं चमचा हातावर मारून शिकवलेलं. मी एल्डनला न मारता शिकवलं. त्याला आठवडे महिने समजत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही, पण पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा हो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. तू विसरली असशील. तिकडे पहिल्यांदाच हो म्हणून मोकळे होतात.

तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. लिहून घेतलं आणि कागद मिटले.

मी उठले, बोलले, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की आईला पोराला घालवायची घाई झालीय, असं तिला वाटतंय. म्हणाली, इतकी वर्षं या लोकांना कुणी काही विचारतच नव्हतं. आता कायद्यानं त्यांचं म्हणणंच शेवटचं. तुमच्या सांगण्यावरून मी त्याचं उत्तर बदलू शकत नाही. मी रोज फोन केला. शेवटी वरचा साहेब म्हणाला, बरं, पुन्हा विचारू. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती.

तिचा तरी दोष कसा म्हणू? तिनं त्याला माणसासारखं विचारलं. एवढ्या वर्षांत असं विचारणारी ती पहिलीच.

आता जे गेल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. माझ्या पोटात गाठ आहे. स्वादुपिंडावर. डॉक्टर म्हणाला, उन्हाळा दिसणार नाही. कापण्यासारखी नाही, म्हणून त्यानं कापायचा विषयही काढला नाही. एल्डनला ठाऊक नाही.

म्हणून विचारते. फोनवर विचारणं झालं नसतं. तू घेशील का त्याला? खाण्याची खळखळ नाही, भांडी घासतो, कुणाला त्रास देत नाही. तुझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. तो जन्मला तेव्हा तू म्हणाली होतीस, याला संस्थेत ठेव आणि विसरून जा. ते मी विसरले नाही, पण ते आता मध्ये आणत नाही. माझ्यापाशी दुसरं दार नाही, बर्नी.

एल्डन रोज खिडकीशी बसतो. विचारतो, "आई, ती बाई परत कधी विचारणार?"

तुझी,
आर्डिस


१६ जानेवारी १९९५

प्रिय बर्निस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नोव्हेंबरातच मिळालं, संत्र्यांची पेटीही मिळाली. संत्री गोड होती. तुझं म्हणणं बरोबर आहे. वॉल्टरचं हृदय, तुझे गुडघे, तिकडचा उन्हाळा, सगळं बरोबर. रागावले होते, खोटं कशाला बोलू. डोलोरसजवळ तुला नाही नाही ते बोलले. आता राग धरायलाही अंगात जीव लागतो.

एल्डनला नाताळाआधी त्या मोठ्या संस्थेत पोचवलं. माझ्याच्यानं जिने चढवेनात, त्याचं सगळं करणं तर दूरच, आणि रोक्सान म्हणाली, तुमच्या डोळ्यांसमोर तो तिथे रुळलेला बरा. जाताना त्यानं वड्यांचं ताट बरोबर घेतलं. तिथे रहिवाशांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी आहे. शेगडी तर लांबच राहिली.

काल डोलोरसनं मला तिकडे नेलं. आदल्या दिवशी आम्ही वड्या केल्या. मी स्टुलावर बसून ढवळलं, बाकीचं तिनं केलं. मला थापता आल्या नाहीत, म्हणून जरा जाडच झाल्या.

बर्नी, तो अर्धा झालाय. गळपट्टीत मान हलते. मी तिथल्या देखरेखीच्या पोरीला विचारलं, जेवत नाही का हा? ती म्हणाली, आम्ही विचारतो की, एल्डन, अजून वाढू? तो म्हणतो, नको नको, कशाला त्रास. मग आम्ही ताट उचलतो. चादर हवी का विचारलं तरी नको, बाहेर फिरायला नेऊ का विचारलं तरी नको. फार समजूतदार आहे म्हणाली, काहीच मागत नाही.

मी वड्या काढल्या. म्हटलं, घे एल्डन. नको म्हणाला. घे रे. नको, खरंच नको. अरे, एवढ्या लांबून आणल्यात तुझ्यासाठी, घे. त्यानं हात पुढे केला आणि असा तुटून पडला की डोलोरस उठून खिडकीशी गेली. ती पोरगी बघत राहिली. मी तिला सगळं समजावलं. तिनं मान डोलावली, लक्षात ठेवीन म्हणाली. चांगली आहे. पण ती दुपारी घरी जाते, मग दुसरी येते, शनिवार-रविवार तिसरीच. किती जणींना सांगू, आणि माझ्यामागे कोण सांगणार?

निघायची वेळ झाली. तो दारापर्यंत सोडायला आला. मी त्याच्या स्वेटरची बटणं लावत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं, देवाशपथ. मी म्हटलं, "एल्डन, घरी येतोस?"

तो म्हणाला, "नको आई. कशाला तुला त्रास."

आणि माझ्याकडे बघत उभा राहिला, हसऱ्या तोंडानं.

त्याच्या त्या नकोचा अर्थ साऱ्या जगात मला एकटीला कळतो. अजून दोनदा विचारायचं, बास. आणि मग तो हो म्हणाला असता, तर मी त्याला कुठे नेणार होते, सांग. जिथे चार महिन्यांत मीच नसणार त्या घरात?

मी राहिलेली बटणं लावली. पुन्हा विचारलं नाही. गाडी वळली तेव्हा तो दारातच उभा होता, अजून वाट बघत.

तुझी बहीण, आणि जमेल तोवर एल्डनची आई,
आर्डिस