दुखत नाही म्हणे

४ जून

चि. छकुलीस,

अ. उ. आ. तू तिकडे खुशाल असशीलच.

इकडे तुझ्या बाबांच्या हातून पटाशी निसटली ती थेट पायाच्या अंगठ्यावर. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसानं अनवाणी उभं राहावं, याला काय म्हणावं? मी लगेच झेंडूचा पाला वाटला, हळद घातली आणि बांधला. रोज संध्याकाळी पाय मांडीवर घेऊन नवा लेप लावते. बरेच दिवस झाले, जखम अजून ओली आहे, पण दुखत अजिबात नाही म्हणे. माझ्या पाल्याला गुण आहेच. नर्स झालीस म्हणून नाक मुरडू नकोस, तुझे फुटलेले गुडघे यानंच बरे झालेत.

लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.

तुझी आई

९ जून

ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि. पत्र आत्ताच मिळालं, लगेच लिहायला बसले.

नाक मुरडत नाही. गुडघे बरे झाले खरे, पण तेव्हा मी भोकाड पसरलं होतं. बाबांना साखर आहे, आई. साखरेनं पायाची जाणीवच जाते. जखम ओली आणि दुखत नाही, ही भीतीची गोष्ट आहे. आमच्या वॉर्डात अशा एवढ्याशा जखमेपायी पाय गमावलेली माणसं आहेत. पाला काढ आणि आजच्या आज त्यांना दवाखान्यात ने. काम आहे म्हणतील, तर दुकानाला कुलूप घालून किल्ली लपव. मी रजा घेऊन निघतेच आहे.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी छकुली

१२ जुलै

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. आई लिहायला बसत नाही, म्हणून मीच लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

अंगठा गेला, पण पाय राहिला. तू गेल्यावर टाकेही काढले. आई मात्र पायाला हात लावत नव्हती. तिच्या पाल्यानंच अंगठा गेला, हे तिनं मनाला लावून घेतलं. दुखत नाही असं मीच सांगत होतो, हे कितीदा बोललो. त्यातलं खरं तुला सांगतो. लेप लावताना तिची बोटं लागलेलीसुद्धा मला कळत नव्हती. हे तिला कसं सांगणार?

काल मीच पाय तिच्या मांडीवर ठेवला. तिनं भीतभीत पोटरीवर हात ठेवला. तिथं कळतं मला. हात फार गार आहेत तुझे, म्हटलं, तर ती रडायलाच लागली. मग तिनं दुसराही हात तिथंच ठेवला.

लोभ करतेसच, तो घेऊन कधीतरी ये.

तुझे बाबा