परसातली दोन मडकी

तेलगाव
८ जानेवारी २०२४

आ. सतीशदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. दिवाळीपासून चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याबद्दल माफ कर. फोनवर आपलं भांडण होतं. पत्रात मला निदान वाक्य पुरं करता येतं.

परसात शेवगा लावायला खड्डा घेत होते. हातभर खाली दोन मडकी लागली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एक माझ्या टिकावानं फुटलं. आत तान्ह्या लेकराची हाडं. आईनं पाहिलं आणि म्हणाली, करणी हाय. संध्याकाळपर्यंत गावानं करणी करणारीही ठरवली : शेजारच्या ताराबाई. विधवा, एकट्या, आणि भिंत आपल्या परसाला लागून. खरं सांगते, क्षणभर मीही त्या भिंतीकडं पाहिलं. शाळेत विज्ञान शिकवते मी.

ताराबाई स्वतःच आल्या. म्हणाल्या, करणीच करायची तर सरपंचाच्या दारात केली असती, तुज्या शेवग्यात कावून करू? हसल्या त्या एकट्याच.

बीडच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या आदिनाथ सरांना फोटो पाठवले. त्यांच्या मते हे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं असावं. तेव्हा मेलेली लेकरं अशी मडक्यांत पुरत. काही हलवू नका, तहसीलला कळवा, म्हणाले. जागा दोघांची, म्हणून आधी तुला विचारते.

वहिनींना जयभीम. करिष्माला म्हणावं, आत्या पत्राची वाट पाहते. माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी
ज्योत्स्ना

लातूर
१३ जानेवारी

चि. ज्योत्स्नास,
मंगलकामना. लहानपणी मेलेली चिमणीही तू माप घेऊन पुरायचीस, त्यामुळं नवल वाटलं नाही. पण ऐक. मार्चात नोकरी सोडून मी तिकडं येतोय. त्याच जागी माझ्या दोन खोल्यांचा पाया यायचा आहे. सरकारी माणसं आली की बांधकाम किती वर्षं अडेल, कोण सांगणार? खड्डा बुजव, शेवगा दुसरीकडं लाव. ताराबाईंचं म्हणशील, तर गाव चार दिवसांत विसरेल.

आईला जप. राग आलाच तर पुढच्या पत्रात काढ, धरून ठेवू नकोस.
तुझा
दादा

तेलगाव
१८ जानेवारी

आ. दादास,
सप्रेम जयभीम. गाव विसरलं नाही. परवा ताराबाईंच्या दारात कुणीतरी कोळसे नि लिंबं टाकली. हापशावर बायका त्यांचा हंडा पुढं सरकू देत नाहीत. काल त्यांनी गाठोडं बांधलं. मांजरसुंब्याला भाच्याकडं जाते म्हणाल्या. आता मी खड्डा बुजवला की गावाच्या लेखी त्यांचा गुन्हा शाबीत, आणि त्या कायमच्या गेल्या.

तुझ्या खोल्यांचा विचार पुन्हापुन्हा केला. तुझा नकार असताना पुढं जाणं बरोबर की चूक, ते अजून ठरत नाही. तरी आज तहसीलला अर्ज दिला, माझ्या एकटीच्या सहीनं. तुझी बाजू अडली तर माझ्या बाजूला बांध.

सर काय म्हणाले ते आईला सांगितलं. ती खड्ड्याशी बराच वेळ बसली. मग म्हणाली, कुणाच्या तरी आईनं लई जपून ठिवलंय हे. उठली, आणि ताराबाईंचं गाठोडं उचलून आपल्या घरात आणून ठेवलं. ताराबाई आईला म्हणाल्या, सिंधुबाई, आता तुज्याच घरात करणी शिरली बघ. या वेळी दोघी हसल्या.

सर उद्या सकाळी येतील. तुझा लोभ कमी झाला असेल तर कळव. माझा आहे तेवढाच आहे.
तुझी
ज्योत्स्ना

ता. क. उद्याचं काम : सातवीच्या पोरांना त्यांच्या आयांसह सरांचं ऐकायला खड्ड्याशी आणणं.