रेटिनॉलचे सहा आठवडे

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायचं तर आमचे हे शेजारीच बसलेले असतात, आणि मला जे विचारायचंय ते त्यांच्यासमोर विचारायची लाज वाटते.

आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी नवे दिवे लावलेत. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायला मी वाकते, तेव्हा आरशात त्यांच्या चेहऱ्याशेजारी माझाही चेहरा दिसतो. त्या उजेडात माझी शेहेचाळीस वर्षं एकदम अंगावर येतात. बरोबर काम करणारी मुलगी रेटिनॉल नावाचं क्रीम लावते. ती म्हणते, त्याने जुनी कातडी जाऊन खालची नवी वर येते. तू पंचवीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहेस, तूच सांग, हे खरं का? सुरकुत्या, डाग, एखादी जुनी खपली, सगळंच निघून जातं का? आणि काही उलटं झालं तर? चेहऱ्याला काही झालं तर मी काउंटरवर उभी कशी राहणार?

हसू नकोस. आणि यांना काही कळवू नकोस.

लोभ आहेच तुझा, तो या वेडेपणानंतरही राहू दे.

तुझी,
ठकू

---

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

हसले. दुकानातच पत्र फोडलं आणि गिऱ्हाइकासमोर हसले. डोळ्यात दोन थेंब घालायचे तर घर डोक्यावर घेणारी आमची ठकू आता कातडी बदलायला निघाली!

सोबत एक ट्यूब पाठवते आहे, सगळ्यांत कमी ताकदीची. नीट वाच. आठवड्यातून दोनदाच, झोपण्याआधी. तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ दे. आधी साधं क्रीम, मग मटाराच्या दाण्याएवढं रेटिनॉल सगळ्या चेहऱ्याला मिळून, वरून पुन्हा साधं क्रीम. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडून द्यायचे. सकाळी उन्हापासून बचावाचं क्रीम लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पोटुशी बायकांनी हे लावायचं नसतं. दुकानात हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, म्हणून तुलाही विचारला असं समज आणि तूही हसून घे.

पहिले सहा आठवडे तोंड लाल होईल, सालं निघतील. ते सगळ्यांचंच होतं. घाबरून मला रोज पत्र पाठवलंस तर पोस्टमनची दया येईल.

माझं इकडे नेहमीचंच. दुकान, घर आणि घरात मी एकटी, त्यामुळे भांडायला कुणी नाही. तेवढ्यासाठी तरी लिहीत जा.

आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझी,
ताई

---

दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं, फक्त एकदा दाणा जरा मोठा झाला. म्हणजे बराच मोठा झाला. दुसऱ्या दिवशी हनुवटी अशी चुरचुरायला लागली की पाणी लावलं तरी डोळ्यात पाणी यायचं. तोंडाभोवतीची सालं इतकी निघाली की मालकांनी मला ऊन लागलं का म्हणून विचारलं. यांनी दोनदा निरखून पाहिलं. हवेने कोरडं पडलंय असं सांगून मी वेळ मारून नेली.

हे सगळं सोसलं असतं. पण नाकाच्या डाव्या बाजूला, चष्म्याचं पॅड टेकतं ना तिथे, एक जागा सोललीय ती भरतच नाही. टॉवेल लागला तरी रक्त येतं. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. रेटिनॉलनेच झालं असेल ना ताई? तू तसं लिहिलंस की मला शांत झोप लागेल. सकाळी उठले की आरशाकडे जायलाच नको वाटतं.

पत्राचं उत्तर लवकर दे, ताटकळत ठेवू नकोस.

तुझी,
ठकू

---

दि. ११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मोठा दाणा म्हणे! मटार सांगितला तर तू लिंबू लावलंस. आता दहा दिवस रेटिनॉल बंद. नुसतं साधं क्रीम लाव, मग पुन्हा आठवड्यातून एकदाच सुरू कर.

नाकावरचं काय घेऊन बसलीस? कातडी नाजूक झालेली, त्यावर दिवसभर चष्म्याचं पॅड घासतंय, ती जागा भरणार कशी? तू तर चष्म्यांतली माणूस, हे मी तुला सांगायचं? पॅड जरा सैल कर आणि त्या जागेवर रेटिनॉल लावू नकोस. सहा आठवडे पुरे होऊ देत. माझ्याकडे रोज दोन-चार जणी अशाच रडवेल्या होऊन येतात आणि पुढच्या महिन्यात दुसरी ट्यूब मागतात.

भित्री कुठली. लहान बहिणीचा हट्ट समजून ही काळजी मी माफ करते.

तुझी,
ताई

---

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे होऊन गेले. तुझं खरं ठरलं. लाली गेली, सालं थांबली, कपाळ तर इतकं मऊ झालंय की बरोबरची मुलगी ट्यूब बघायला मागते. आज यांनीसुद्धा चेहरा ताजा दिसतो म्हणून सांगितलं. त्यांच्याकडून लग्नानंतर एवढं पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून तुला कळवते.

फक्त ती जागा आहे तशीच आहे. तिथे मी रेटिनॉलचा थेंबही लावला नाही. आता कडा थोडी वर आलीय, मोत्यासारखी चकचकीत, आणि मधे खड्डा. उशीच्या अभ्र्यावर रोज एक ठिपका असतो. यांना मी सांगते की फ्रेम लागते. पॅडही काय कमी बदलली? गेल्या वर्षी दिवाणखान्याला रंग दिला, तेव्हा मऊ सिलिकॉनची बसवली होती. त्यानंतर आणखी दोनदा बदलली. फरक नाही.

तू लिहिशील की आणखी थोडं थांब. थांबते. तुझ्या शब्दावर माझा जीव तगून आहे.

तुझी,
ठकू

---

दि. ६ एप्रिल

ठकू,

थांबू नकोस.

तुझं पत्र दुपारी आलं. दिवाणखान्याच्या रंगाच्या ओळीशी मी अडकले. तो रंग गेल्या ऑगस्टात दिलात, मी तेव्हा तुमच्याकडेच होते. तेव्हाच तू पॅड बदललीस, म्हणजे ही जागा तेव्हापासून आहे. ट्यूब मी पाठवली फेब्रुवारीत. मग ती रेटिनॉलने कशी होईल? चकचकीत कडा, मधे खड्डा, सतत रक्त. हे मी मार्चमध्येच खोदून विचारायला हवं होतं. पण मी विनोद करत बसले.

मी डॉक्टर नाही, नाव देणार नाही. पण उद्याच्या उद्या कातडीच्या डॉक्टरांकडे जा. रेटिनॉल पूर्ण बंद. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा तुझ्या ह्यांच्या फोनवर करीन, मग लाज नि भीड राहणार नाही.

दुकानात आज दोनदा चुकीचा डबा काढला. मला रागाव, पण जा.

ताई

---

दि. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले. तुझ्या धमकीमुळेच गेले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी दिव्याचं भिंग नाकाला लावलं आणि ती जागा सगळ्या बाजूंनी निरखली. तेवढ्यात मी त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यातली सगळी अक्षरं वाचून काढली. मग त्यांनी सांगितलं की एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. सुई टोचून जागा बधिर केली, दुखलं नाही. निकाल दहा दिवसांनी. रेटिनॉलने हे झालं का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि उलट मलाच विचारलं, किती महिने झाले?

मी त्यांना खरं सांगितलं. आता तुला सांगते. तेरा महिने.

ताई, मला सुरकुत्यांचं काही पडलेलं नव्हतं. ती खपली कुणाला न दाखवता निघून जावी, एवढ्यासाठी मला ते क्रीम हवं होतं. कातडी नवी येते असं ऐकलं आणि वाटलं, ही जागाही खरवडून निघेल. डॉक्टरकडे गेले की ते नाव घेणार. नाव घेतलं की ते खरं होणार. तुलाही मी चष्म्याच्या पॅडची वाट दाखवली आणि तू त्या वाटेने गेलीस. तुझी चूक नाही. तू सहा आठवडे थांबायला सांगितलंस, मी त्याआधीच वर्षभर थांबले होते.

आणखी एक आहे. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. आईच्या छातीतली गाठ मला माहीत होती. तू शिकायला बाहेर होतीस. एकदा तिला अंघोळीनंतर टॉवेल द्यायला गेले तेव्हा मी पाहिली. तिने माझा हात घट्ट धरला आणि शपथ घातली की ताईला कळवायचं नाही, तिची परीक्षा आहे. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी मी गप्प राहिले. तू घरी आलीस तेव्हा आई अंथरुणाला लागली होती, ती पुन्हा उठलीच नाही. सत्तावीस वर्षं हे माझ्या घशात आहे. नाकावर ते दिसलं तेव्हा मला वाटलं, गप्प बसल्याचंच हे फळ, आणि तरी मी पुन्हा गप्पच बसले.

यांना काल सगळं सांगितलं. रात्रभर ते माझा हात धरून झोपले.

लोभ राहिला असेल, तर चार ओळी लिही.

ठकू

---

दि. १९ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

खोटं लिहिणार नाही. पत्र वाचल्यावर एक अख्खा दिवस मी तुझ्यावर चिडले होते. भांडी आपटली. मला का नाही सांगितलंस, असं मोठ्याने म्हणत घरभर फिरले. ऐकायला कोणी नव्हतं ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मुलगी आली, एकोणीस-वीसची असेल. आईचं औषध न्यायला आली होती. किती वेळा घ्यायचं ते ती तीन-तीनदा विचारत होती. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन बसले. तूही एवढीच होतीस. एवढ्याशा पोरीवर आईने ते ओझं टाकलं, आणि आईवर माझ्या परीक्षेचं. आईवर चिडायचं राहून गेलं होतं, ते काल चिडले. आज तेही उरलं नाही.

आता काम. निकाल पंचवीसला आहे ना? मी चोवीसला येते आहे. मालकांना आठ दिवसांची रजा सांगितली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मी बघितल्या नाहीत. तिथे तुझ्याशेजारी मी बसणार. डॉक्टरीणबाई काय सांगतील ते चार कानांनी ऐकू.

मलाही भीती वाटते, ठकू. इतकी, की बॅग दोनदा भरली आणि दोन्ही वेळा चपला आत घालायच्या राहिल्या.

तोपर्यंत जेव, झोप. लोभ विचारायचा नसतो गं.

तुझी,
ताई

---

दि. २४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यावर घर चार दिवस रिकामं वाटलं. यांनाही. तू लावून गेलेली चहाची वेळ ते अजून पाळतात.

काल टाक्यांच्या जागेची शेवटची तपासणी झाली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागे काही उरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि स्वतःहून ती ओळ बोटाने दाखवली. पंचवीसला आपण दोघींनी ऐकलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं, हा कर्करोगच होता, पण हळू वाढणारा. सहसा दूर पसरत नाही, जागच्या जागी कुरतडत राहतो. आणखी वर्ष काढलं असतं तर डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला असता, असं त्यांनी सांगितलं. बाहेर येऊन बाकावर बसले आणि मग इतकी रडले की शेजारच्या आजोबांनी स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

व्रण आहे. नाकाच्या बाजूने वर गेलेली एक गुलाबी रेघ. त्या दिव्यांखाली ठळक दिसते. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकासमोर वाकताना अंग आक्रसलं. पण त्या बाईंना फ्रेम मोठी वाटत होती, त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या गालांकडे होतं. दुपारपर्यंत मीही विसरले.

भीती गेली असं समजू नकोस. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, आणि रोज सकाळी मी चेहऱ्यावरून बोट फिरवून बघते. पण आता काही वेगळं हाताला लागलं की मी लगेच यांना हाक मारते. ते चष्मा चढवून येतात, बघतात आणि तीळ आहे म्हणून सांगतात. जिथे माझी नजर पोचत नाही, मान, खांदे, पाठ, तिथलं दर आठवड्याला ते बघतात. आधी दोघांनाही हसू यायचं. आता येत नाही.

काल ते माझी पाठ बघत होते आणि एकदम मनात आलं, ताईची पाठ कोण बघतं? तू तिथे एकटी. सगळ्या गावाला औषध देतेस आणि स्वतःच्या मानेखाली काय आहे ते तुला माहीतही नसेल. आपण एकाच आईच्या. हे लिहायचं नव्हतं, तरी लिहिते आहे. पुढच्या महिन्यात ये. दिवसाढवळ्या, खिडकीच्या उजेडात तुला बसवीन आणि इंच इंच बघीन. विनोद केलास तरी ऐकणार नाही. नाही आलीस तर मी तुझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर सांगीन.

येण्याची तारीख कळव. तीच मला तुझा लोभ.

तुझी,
ठकू