नदीपलीकडच्या सुना

भुवनेश्वर,
१९ जून

प्रिय सुचरिताअपा,

नमस्कार. कशी आहेस? दिल्लीच्या उकाड्यात जीव नकोसा झाला असेल. मिष्टीचा दात पडला की अजून हलतोच आहे? तिला म्हणावं, लोपामावशी विचारत होती.

आपल्या संस्थेत सगळं जसंच्या तसं. नव्या संचालकांनी प्रत्येक मजल्यावर 'संशोधन चालू आहे, शांतता राखा' अशी पाटी लावलीय, आणि बरोबर त्या पाटीखाली उभे राहून प्रधानसर तासन्‌तास फोनवर जमिनीचे भाव विचारत असतात. तुझी खोली वित्तविभागात आलेल्या एका नव्या प्राध्यापकाला मिळाली. आल्या आल्या त्यानं तुझ्या आकृत्या-बाणांनी भरलेला फळा पुसला. मी अडवायला गेले तर म्हणतो, "मॅडम, या जुन्या बाणांचं मी काय लोणचं घालू?" मला इतका राग आला, पण तो म्हणाला तेही खरंच होतं.

रजपर्वाचे तीन दिवस इथं चिटपाखरू नव्हतं. जमिनीला विश्रांती, बायांना विश्रांती. मीही झोके घ्यायला गेले होते. पोडपिठा इतका खाल्ला की अजून पोट जड आहे. कुठं गेले होते ते सांगते, जरा दम धर.

तालगडची कुंतलामावशी आठवते? महानदीच्या दक्षिण काठची, बचतगटाची अध्यक्ष. आपली प्रश्नावली अर्ध्यावर आली की "आता तुमचा पगार सांगा" म्हणायची ती. तिनं आग्रहानं बोलावलं होतं. सर्वेक्षण संपलं, लेख झाला, आता नुसतं माणसासारखं जाऊन बसावं म्हणून गेले.

पोचले तर वडाच्या झोक्याखाली नुसता कल्ला. सणाला माहेरी आलेल्या मुली, त्यांच्या आया, सगळ्या कोंडाळं करून बसलेल्या. मध्ये एकीच्या डोळ्यांवर गमछा बांधलेला, उजवा हात पाठीमागे, आणि डाव्या हातानं ती काडेपेट्या एकावर एक रचत होती. बाकीच्या ओरडतायत, "डावीकडे गं!" "अगं, तुझी डावी, माझी नव्हे!" मनोरा कोसळला की सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसतायत. मला वाटलं, असेल सणाचा खेळ. मीही पान चघळत हसत बसले. मग पुढची खेळायला बसली, आणि कुंतलामावशी तिला दरडावून म्हणाली, "आधी आकडा बोल. मग हात लाव."

अपा, मी पान चघळायचीच थांबले.

ते वाक्य कुठल्या पुस्तकातलं नाही गं. ते तुझं आहे. उत्तर काठच्या गावांत, शाळांच्या पडवीत बसून, दोन वर्षं तू बायांना हाच खेळ खेळायला लावलास. किती रचणार ते आधी बोला, उडदाच्या किती बड्या वाळवून विकणार ते आधी ठरवा, मग उडीद भिजत घाला. आणि दक्षिण काठच्या गावांत आपण मुद्दामच काही शिकवलं नव्हतं. तुलनेसाठी ती कोरी ठेवायची होती. मध्ये एवढी महानदी, जवळपास पूल नाही. या काठचं वारं त्या काठाला लागणार नाही, म्हणून आपण दोघींनी नकाशावर बोट ठेवून ती निवडली होती.

मी विचारलं, "मावशी, हे कुठं शिकलात?"

"सुनेनं आणलं."

"सून कुठली?"

"पलीकडची. आम्ही सुना पलीकडूनच करतो. या काठाला सगळी भावकी, इथं कशी सोयरीक जुळायची? आत्ताही माहेरीच गेलीय सणाला. या दिवसांत नदीत पाणी असतंय कुठं? वाळूतनं चालत जाते. तिथं बहिणी जे शिकल्या ते उचलते आणि इकडे येऊन आम्हाला कामाला लावते." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "पण तू एवढ्या चौकशा का करतेस? स्थळ बघायचंय का? माझा भाचा आहे. ट्रॅक्टर आहे त्याचा."

"आणि तोंड?" मी म्हटलं.

"ते ट्रॅक्टरवर बसलं की दिसत नाही," कोणीतरी मागून म्हणालं. मी पण हसले.

परत यायचं होतं ते राहूनच गेलं. उरलेला सण मी त्या काठानं गावोगाव झोके घेत फिरले. जाईन तिथं एकच प्रश्न, सुना कुठल्या? बायांना वाटलं पोरीला लग्नाचं वेड लागलंय. अपा, काय सांगू तुला, काय मजा आली! जिथं पलीकडच्या सुना, तिथं तुझा खेळ, तुझा हिशेब, माल विकायला जायची तुझीच रीत. आणि ते बालिजोडी आठवतंय? दक्षिण काठाला सगळीकडे कमाई वाढली आणि त्या एकाच गावात वाढली नाही, म्हणून आपण 'काहीतरी गडबड दिसते' असं म्हणून ते बाजूला काढलं होतं. तिथंही गेले. ते मासे धरणाऱ्या केवटांचं गाव. सोयरिकी सगळ्या याच काठच्या, खाली समुद्राकडच्या केवटांत. पलीकडची एकही सून नाही. काडेपेट्यांचा खेळ म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी तिथल्या झोक्यावर बसून मोठ्यानं हसले. एकटीच.

पाल्हाळ लावतेय हे तुला केव्हाच कळलं असेल. या सगळ्याचा अर्थही तू माझ्याआधी लावला असशील.

दोन्ही काठांवर कमाई सारखीच वाढली, म्हणून आपण लिहिलं की बाजारच सुधारला, शिकवण्यानं काही फरक पडला नाही. चूक लिहिलं. आपण नद्या बघितल्या, लग्नं बघितली नाहीत. आपण दोघी त्याच मुलखातल्या, आपल्या स्वतःच्या आत्या-मावश्या नदीपलीकडे दिलेल्या, तरी आपल्याला ते सुचलं नाही!

आकडे हातात आले त्या दुपारी तू माझ्यासमोर बसली होतीस. दोन वर्षं उन्हातान्हात केलेली मेहनत पाण्यात गेली असं ते आकडे सांगत होते. मी म्हटलं, पुन्हा तपासू. तू म्हणालीस, "नको. आपलं काम फुकट गेलं हे आपणच लिहायला हवं, नाहीतर आपण कसले संशोधक?" आणि तूच पहिला मसुदा लिहिलास. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. आता त्याच गोष्टीनं मला कोंडीत धरलंय.

लेखाची छपाईपूर्वीची प्रत आलीय, तुला माहीतच आहे. दिल्लीतली तुझी कायमची नेमणूक या एका लेखावर अडलीय, हेही मला माहीत आहे. जुलैत मुलाखत. तुझं कंत्राट तेव्हाच संपतंय, आणि मिष्टीची शाळा, घरभाडं, सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर. मी तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. तू "लोपा, ऐक ना" म्हणाली असतीस तर मी पाघळले असते. "मुलाखत होऊ दे, मग दुरुस्ती छापू," एवढंच तू म्हणायचं, आणि मी हो म्हटलं असतं. मला माझी खात्री नाही, म्हणून हे पत्र.

पण त्या लेखाचा आधार घेऊन देणगीदारांनी पुढचं प्रशिक्षण बंद करायचं ठरवलंय. उत्तर काठचा पुढचा गट नावं देऊन वाट बघत बसलाय. एकदा पैसे दुसरीकडे वळले की आपली दुरुस्ती कोण वाचणार?

आज सकाळी मी संपादकांना लिहिलं, छपाई थांबवा. देणगीदारांनाही कळवलं. तुला न विचारता. तू वाचशील तोवर सगळं होऊन गेलेलं असेल, आणि ते मुद्दाम तसंच केलंय.

मला शिव्या घाल. तुझा हक्क आहे. मी तुझ्या तोंडचा घास काढून घेतलाय, आणि नव्यानं सगळ्या सोयरिकी तपासून लेख उभा करायला वर्ष जाईल. ते वर्ष तू कसं काढशील याचं माझ्याकडे उत्तर नाही. रडूही येतंय आणि त्या सुनांच्या मागे धावावंसंही वाटतंय, दोन्ही एकदम. पण अपा, तुझं काम फुकट गेलं नव्हतं. तू ज्या गावांत पाऊलही ठेवलं नाहीस, तिथल्या बायासुद्धा तुझं शिकून कमावतायत. पत्राची सुरुवात यानंच करायला हवी होती, धीर झाला नाही.

संपादकांना लिहिलेल्या पत्रात एक वाक्य असं आहे, 'प्रशिक्षणाचा परिणाम आम्ही मोजला त्याहून कितीतरी लांब पोचला, प्रशिक्षण डॉ. सुचरिता महांती यांनी दिले होते.' तेवढं एक मी न घाबरता लिहिलं.

मिष्टीला गोड पापा. तुला काय लिहू? नमस्कार घेशील का?

तू नाही म्हणालीस तरी तुझ्याच हाताखाली शिकलेली,
लोपामुद्रा