दाराशी पाणी मागणारी बाई

२१ जुलै, सोमवार

आज परत लिफ्ट अडवून उभ्या! एकीचा पाय दारात, दुसरीची पिशवी दारात, आणि बोलणं कशाचं, तर स्वप्नाचं. माझ्या काखेत कणकेची गोणी. म्हटलं, बायांनो, स्वप्नं आपापल्या घरी बघा, मला वर जाऊ द्या. कळलं कोणाला? मराठी समजणारी त्यांच्यात एकच, चौथ्या मजल्यावरची त्रिपुरसुंदरी. तंजावरकडची. तिची मराठी पोथीतून उठून आल्यासारखी. म्हणाली, "थट्टा नको हो. काल मजही दिसली."

स्वप्न एवढंच — ओल्या केसांची बाई दाराशी येते आणि पाणी मागते. पहिल्यांदा पडलं दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीनिधीला. ती सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. तिनं ते बिल्डिंगच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. मग पाचव्या मजल्याला पडलं, मग पहिल्याला. गोवर पसरावा तसं. मला नाही पडलं. अंधारात उठून ऑफिसातल्या पोरांच्या डब्यांसाठी चपात्या लाटायच्या, स्वप्नाला जागा कुठाय.

गळा मोकळा मोकळा लागतो. शनिवारी कणीक मळताना मंगळसूत्र तुटलं, काळे मणी पिठात सांडले. सगळं पीठ चाळत बसले. इथले सोनार सोनं बघतात, काळे मणी ओवून देत नाहीत. त्यांच्यात ते नसतंच. ओवून देते ती कावेरी. बसस्टॉपजवळ फुटपाथवर माळा, सुया, पिना विकते. तिच्या लोकांना इथे नरिकुरवर म्हणतात, फिरस्ते. लोक त्यांना जवळ उभं करत नाहीत. पण तिचं आपसातलं बोलणं कानावर पडलं की मधेच एखादा शब्द आपला निघतो. पाण्याला ती पाणीच म्हणते. चेन्नईत, पेरुंगुडीच्या रस्त्यावर कोणी पाणी म्हटलं की मला बरं वाटतं.

वाट्या, मणी, सगळं खणाच्या तुकड्यात बांधून दिलंय. हिरवा खण, लाल काठ, आईच्या चोळीचा उरलेला. "ओवून आणून देते अक्का," म्हणाली.

२३ जुलै, बुधवार

दारोदार कडुलिंबाचे डहाळे आणि उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या. म्हणजे ती बाई परस्पर पिऊन जाईल, दार वाजवणार नाही. सकाळी तांबे निम्मे. आली होती, प्याली, म्हणे. कठड्यावर कावळा चोच घासत बसलेला, तो कोणाला दिसेना.

बाया रात्री झोपायला भितात, म्हणून दिवसभर पेंगतात. सगळी बिल्डिंग पाण्याखाली गेल्यासारखी झालीय. जिन्यात कोणी भेटलं की हळू बघतं, हळू हसतं, बोलायचं विसरतं. लिफ्ट रिकामीच वर जाते, रिकामीच खाली येते. मला असल्या सुस्तीचा राग येतो. पण दुपारी गॅलरीत उभी राहिले तर समुद्राकडून वारा आला, सगळ्या दारांचे डहाळे एकदम हलले, आणि मीही भाजी करपेपर्यंत तिथेच.

सोमवारी त्या बाईला चेहरा नव्हता, हे मला पक्कं आठवतं. काल तिच्या नाकात दोन्हीकडून चमक्या आल्या. आज गळ्यात मण्यांच्या माळा. म्हटलं, अंधारात माळा दिसतात कशा? त्रिपुरसुंदरी कुजबुजली, "आणिक ती तण्णी नाही म्हणत. पाणी म्हणते. आमच्यांतली नव्हे."

"पाणी तर मीही म्हणते," म्हटलं.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

२४ जुलै, अमावस्या

सकाळी गेटला कसलं तरी गाठोडं लटकलेलं सापडलं. करणी! बिल्डिंगचे सेक्रेटरी रघुराम, बँकेतून रिटायर झालेला शहाणा माणूस, त्यांनीही हात लावला नाही. त्यांच्या बायकोनं चिमट्यानं उचललं, केळीच्या पानात गुंडाळलं, बादलीत ठेवून वर कडुलिंब रचला. मी डबे देऊन आले तर नुसता पाला दिसत होता. म्हटलं, सोडून तर बघा आत काय आहे. सगळ्या अशा बघायला लागल्या जशी मी बादलीत थुंकले.

मग व्हॅन करून सगळी वरात कोवलमला, केरळातल्या नव्हे, इथल्याच. समुद्रात सोडायचं. मीपण गेले. म्हटलं, समुद्र तरी दिसेल. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं, मधली रेघच नव्हती. होड्या आभाळात टेकल्यासारख्या. रघुराम गुडघाभर पाण्यात गेले, पाठ केली आणि खांद्यावरून फेकलं. मी कोळणीच्या टोपलीतले मासे बघत होते. परत वळून बघायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मी वळून बघितलं. काही नव्हतं. एक लाट होती.

येताना सगळ्या व्हॅनमध्ये झोपल्या, कितीतरी दिवसांनी. बरं वाटलं.

२५ जुलै, शुक्रवार

कावेरी जागेवर नाही. तिच्या फुटपाथवर हळदीचं पाणी शिंपडलंय. वॉचमन सुब्बा मान वर करेना. खोदून विचारल्यावर मोडक्या हिंदीत म्हणाला, स्वप्नातली बाई ती हीच म्हणत बुधवारी संध्याकाळी इथल्याच माणसांनी तिला हाकललं. काठ्या घेऊन. ती गेट धरून अक्का, अक्का ओरडत होती.

"कोणती अक्का?"

"इथे सगळ्याच अक्का."

मी तेव्हा वर पोळपाट बडवत होते. ऐकू कसं येणार.

फुटपाथच्या फटीत तिचे मणी पडलेत. निळे, पिवळे. ओंजळभर उचलून आणले. काय करायचेत, माहीत नाही.

२७ जुलै, रविवार

रघुराम घरी आले. कधी नाही ते खुर्चीवर बसले, माझा चहा प्याले. नागपूरला नोकरी केलेली, हिंदी बरं बोलतात. माझ्या गळ्याकडे बघून म्हणाले, "वो मणीवाली ले गई ना?"

म्हटलं, नेलं नाही. मी दिलं. माझ्या हातानं.

"वापस किया?"

"नाही."

"तो?"

मी त्यांचा कप उचलून मोरीत ठेवला.

त्यांचं सरळ होतं. पोलीस स्वप्न लिहून घेत नाहीत. मंगळसूत्र लिहून घेतात. सगळ्या बिल्डिंगीत खरी गेलेली वस्तू माझीच. कागद पुढे ठेवला, शुक्रवारपर्यंत यावर सही द्या म्हणाले. दारातून वळून हेही म्हणाले, "तुम भी बाहर के हो. सब के साथ रहो, अच्छा है."

ते गेल्यावर हे म्हणाले, "कर की सही. तिनं आणलं असतं तर आजवर आणलं असतं. उद्या डबे बंद झाले तर काय खायचं?"

म्हटलं, बायको म्हणून मला ओळखता का, की डब्यांची मालकीण म्हणून?

"दोन्ही," म्हणाले आणि कांदा चिरायला बसले.

२९ जुलै, मंगळवार

पडलं. मलाही.

दार उघडलं तर ओले केस. पाणी म्हणाली. आपल्यातलं पाणी, विहिरीवरचं. मी तांब्या घ्यायला वळले तर घरभर पीठ, गुडघ्यापर्यंत, चालवेना. मागे बघितलं तर चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा, नाक नाही, डोळे नाहीत. जागी झाले तेव्हा हात गळ्यावर.

तिला चेहरा नव्हता. हे इथे लिहून ठेवते, कारण चपात्या लाटता लाटता मीच त्या गोळ्यावर कावेरीची चमकी बसवायला लागले होते. एक इकडे, एक तिकडे. किती सोपं आहे! मग तिच्या माळा. मग वाटलं, नेलंच असेल तिनं. वाट्या सोन्याच्या, मोह कोणाला नाही. पुढची चपाती करपली तेव्हा भानावर आले.

३० जुलै, बुधवार

तिला धरलं. बसस्टँडवर सापडली म्हणे. चौकीत बसवून ठेवलंय. माझी सही झाली की आत, नाही झाली तर सोडतील. सगळं माझ्या सहीवर. मी चौथी शिकलेली, सही करताना जीभ बाहेर येते माझी. आणि सगळी बिल्डिंग त्या सहीची वाट बघतेय.

आज जिन्यात सगळ्या माझ्याशी गोड बोलल्या. रघुरामांच्या बायकोनं वाटीभर पायसम पाठवलं. खाल्लं. चांगलं होतं.

सुब्बा रघुरामांबरोबर चौकीत जाऊन आला. त्याला विचारलं, ती काय म्हणते? "म्हणते, दिलं. कोणाला दिलं विचारलं की नुसता हात करते, गेट, गेट."

गेट.

म्हटलं, सुब्बा, त्या गाठोड्याचा कपडा कसला होता? म्हणाला, "मी कशाला बघू अक्का? चौथ्या मजल्याच्या अम्मांनी फोटो काढला होता."

झोप नाही आज. पडून राहिले की कोवलमची ती लाट येते. काही न करता येते आणि जाते.

३१ जुलै, गुरुवार

त्रिपुरसुंदरीनं फोनवर फोटो दाखवला. करणीचा पुरावा म्हणून तिनं सगळ्यांना पाठवलेला. मी ते व्हॉट्सॲप कधी उघडत नाही, तमिळ वाचता कुठे येतं.

हिरवा खण. लाल काठ.

काठ्या अंगावर येत होत्या आणि ती बाई माझं मंगळसूत्र गेटला गाठ मारून बांधत होती. ओवलेलं. आणि आम्ही ते वरात काढून समुद्रात टाकलं. मी मासे बघत होते.

त्रिपुरसुंदरीला हाताला धरून रघुरामांकडे नेलं. म्हटलं, एकेक शब्द तमिळमध्ये सांग, गाळू नकोस. तिनं सांगितलं. रडत, पण सांगितलं. रघुराम फोटो मोठा करून बघत राहिले. त्यांची बायको म्हणाली, स्वप्न तर सगळ्यांनाच पडलं होतं.

म्हटलं, मलाही पडलं. चौकीत मी आता जातेय, कावेरीला घेऊन येणार. तिला ज्या गेटवरून हाकललं त्याच गेटवर उभी राहून तांब्याभर पाणी देणार. आणि तुम्हाला उद्या शुक्रवारी सही पाहिजे ना? देते. कागदावर चोराच्या नावाची जागा मी मोकळी ठेवलीय. बिल्डिंगीतल्या सगळ्यांनी बसून ठरवा तिथे कोणाचं नाव घालायचं, आणि उद्या संध्याकाळपर्यंत मला सांगा.