डावीकडे वळलेली पिन

ती. बाबांस,

दादाकडे सुखरूप पोहोचलात, असं आईकडून कळलं.

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून हातगिअरचा बसवायचा. जमलं तर गॅरेज माझं, नाहीतर दादाचं, हे तुम्हीच ठरवलंत. गाडी सुरू झाली, पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरत होता. पेडलचा जोर क्लचकडे नेणारा आडवा दांडा तिरका बसला होता. सहा दिवस मी मापं घेत राहिले. "गाडीला झबलं शिवतेस का?" म्हणून तुम्ही हसलात. शेवटी मीच म्हणाले, "चुकलं माझं, बाबा. माफ करा."

"असू दे गं. हे काम दादाच्याच हातचं," म्हणत तुम्ही पाठीवरून हात फिरवलात.

आज दांडा पूर्ण उतरवला. त्याच्या ब्रॅकेटमागून दोन वॉशर निघाले. मी ते घातलेच नव्हते. दांडा निसटू नये म्हणून टोकाला लावायच्या पिनेचे पाय मी दोन बाजूंना वाकवते. या पिनेचे दोन्ही पाय डावीकडे वळलेले होते. "पिन म्हणजे मेकॅनिकची सही," हे मला आठव्या वर्षी तुम्हीच शिकवलंत, तुमच्या डाव्या हाताने पिनेचे दोन्ही पाय डावीकडे वाकवत.

वॉशर काढले. दांडा सरळ बसला. गिअर अलगद पडला.

गॅरेज दादाला द्यायचंय असं सरळ म्हणाला असतात, तर मी रडले असते आणि किल्ल्या दिल्या असत्या. पण माझी माफी तुम्ही कशी घेतलीत, बाबा?

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी गाडीच घेऊन येते. सवयीने तुम्ही वाकून खाली बघालच. नवी पिन लावली आहे, दोन पाय दोन बाजूंना.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी